ज्युलियस सीझर, फोल्जर आवृत्ती: वक्तृत्वाची तयारी करून घेणाऱ्यांनी घ्यावंच असं पुस्तक

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करणारे जे कोणी आहेत, शाळेतले सर-बाई असोत, गल्लीतल्या मंडळाचे कार्यकर्ते असोत नाहीतर कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात पोरांना स्टेजवर चढवणारे असोत, सगळ्यांनी शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर या नाटकाची फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीची कॉपी घ्यावी. इंग्लिश आहे, तेही चारशे वर्षांपूर्वीचं, मान्य आहे. तरी घ्या. भाषण कसं करायचं हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ मिळतात, पण भाषण ऐकताना समोरच्या माणसांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते ओळीओळीने दाखवणारं पुस्तक माझ्या बघण्यात हे एकच.

मी बेळगाव तालुक्यातल्या मुलांची वक्तृत्वाची तयारी करून घेते, मराठी आणि थोडी इंग्लिशची पण. त्यातलं अँटनीचं भाषण, म्हणजे सीझरचा खून झाल्यावर त्याचा मित्र अँटनी लोकांसमोर बोलतो ते, इंग्लिश वक्तृत्वाला बऱ्याच मुलांना दिलं जातं, आणि ते जिथनं घेतलेलं असतं ती भाषणसंग्रहाची पुस्तकं नाहीतर गाइडं, त्यात एक मोठी गडबड असते. ते भाषण सलग छापतात, एखादी कविता छापल्यासारखं, मधे मधे लोक जे बोलतात ते सगळं काढून टाकतात. मग पोरगं काय करतं, पहिल्या ओळीपासून हात उंच करून ओरडायला लागतं, कारण त्याला वाटतं हे एका माणसाचं सलग भाषण आहे. तसं ते नाहीच. नाटकात अँटनी थोडं बोलतो, थांबतो, लोक आपापसात बोलतात, ते बघून तो पुढचं ठरवतो, परत थांबतो. ते थांबणंच काढून टाकलं तर उरतं काय?

तर पुस्तकाबद्दल. संपादन बार्बरा मोवॅट आणि पॉल वर्स्टीन यांचं. मांडणी अशी आहे की उजव्या पानावर नाटक आणि त्याच्या समोर डाव्या पानावर त्याच ओळींच्या टिपा, ओळींचे नंबर घालून. शेवटी जाऊन टीप शोधायची, मग परत यायचं, तोवर वाक्य विसरलेलं, असला प्रकार नाही. प्रत्येक प्रवेशाच्या आधी चार ओळीत गोष्ट सांगितलेली आहे, त्यामुळे ज्याचं इंग्लिश बेताचं आहे तोही हरवत नाही. डाव्या पानावर बऱ्याच ठिकाणी टिपा कमी असल्यामुळे जागा मोकळी राहते, काही जणांना ते कागद वाया घालवणं वाटेल पण मला त्याचा फार उपयोग झाला, तिथे पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिता येतो, मुलांनी पण लिहिलेत. मधे मधे जुन्या ग्रंथांतली चित्रं आहेत, ती नसती तरी चाललं असतं. साइज खिशात मावेल इतकी, बसमधे वाचायला सोयीची. मजकूर त्यांच्या साइटवर फुकट पण आहे, त्याचं शेवटी सांगते.

आता मुद्द्याचं, तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. सीझरचा खून झालाय, खरा इतिहास म्हणाल तर इसवी सन पूर्व ४४, १५ मार्च. चौकात लोक जमलेत आणि कारण सांगा म्हणून ओरडतायत. खून करणाऱ्यांतला ब्रूटस आधी बोलतो, गद्यात, छंदात नाही. आणि खरं सांगते, त्याचं भाषण वाईट नाहीये. बऱ्याच लोकांचा समज आहे की ब्रूटस कोरडा बोलतो म्हणून हरला. कोरडा कुठे? वाक्यं तोलून मापून केलेली आहेत, सीझरचं प्रेम होतं त्यासाठी अश्रू, तो शूर होता त्यासाठी मान, आणि महत्त्वाकांक्षी होता म्हणून मरण. मग विचारतो, तुमच्यात असा कोण आहे ज्याला गुलाम होऊन जगायचंय, असेल तर बोला, मी उत्तरासाठी थांबतो. आता यावर कोण हात वर करणार? लोक म्हणतात कोणी नाही ब्रूटस, कोणी नाही. झालं, टाळ्या.

आणि इथे पुस्तकाचं उजवं पान नीट बघा. लोकांना नावं नाहीत, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असंच छापलंय. पहिला म्हणतो याला वाजत गाजत घरी नेऊया. दुसरा म्हणतो याचा पुतळा उभा करा, याच्या पूर्वजांच्या शेजारी. तिसरा म्हणतो, यालाच सीझर करा! आणि चौथा म्हणतो सीझरमधलं जे चांगलं होतं त्याला ब्रूटसच्या रूपाने मुकुट मिळेल. अहो, मुकुट नको म्हणूनच तर या माणसाने खून केला ना? आत्ताच पाच मिनिटं तेच समजावून सांगितलं ना? लोकांनी जयजयकार केला पण ऐकलं काहीच नाही, त्यांना माणूस आवडला, मुद्दा पोचलाच नाही. ब्रूटस हरला तो इथे, अँटनी तोंड उघडायच्या आधी. माझ्या मते अख्ख्या नाटकातली सगळ्यात भयंकर ओळ तीच आहे, तिसऱ्या माणसाची, आणि भाषणसंग्रहात नेमकी तीच कापलेली असते.

मुलांना मी हे असंच करायला लावते, भाषण कुणालाच द्यायचं नाही, आधी चार जणांना चार नागरिक करायचं आणि फक्त त्यांच्या ओळी वाचायच्या. लगेच कळतं. चौथा माणूस धरा. ब्रूटस गेल्यावर तो म्हणतो की अँटनीने इथे ब्रूटसबद्दल वाईट बोलू नये, बरं राहील. दमच देतो. थोड्या वेळाने तोच चौथा म्हणतो, ऐकलंत काय, सीझरने मुकुट घेतला नाही, म्हणजे तो महत्त्वाकांक्षी नव्हता हे नक्की. आणि अजून थोड्या वेळाने तोच म्हणतो, कसले सन्माननीय, गद्दार आहेत ते. तीन पायऱ्या, एकच माणूस, मधे कोणी त्याला धमकावलं नाही, पैसेही अजून दाखवलेले नाहीत. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, अँटनी तर ब्रूटसला एक वाईट शब्द बोलत नाही की, मग हे लोक चिडले कशाला? हा प्रश्न ज्या वर्गात येतो त्या वर्गाला हे नाटक कळालं म्हणायचं.

कारण खरंच तो बोलत नाही. त्याला परवानगी देतानाच ब्रूटसने अटी घातल्यात, आम्हाला दोष द्यायचा नाही, सीझरबद्दल चांगलं बोल पण आमच्या परवानगीने बोलतोय असं सांग, आणि माझं झाल्यावर त्याच व्यासपीठावरनं बोल. कटातला त्याचा साथीदार कॅशियस बाजूला घेऊन सांगतो, देऊ नको, हा काय बोलेल आणि लोक किती हलतील तुला कल्पना नाही. ब्रूटस ऐकत नाही. वर आणि स्वतःचं संपवून निघून जातो, लोकांना सांगून जातो की माझ्यासाठी थांबा, अँटनीचं ऐका. सभेला एकदा तरी गेलेला माणूस ही चूक करणार नाही. शेवटचं कोण बोलतो त्यावर सगळं असतं आणि आपलं झाल्यावर मैदान सोडायचं नसतं. अँटनी सगळ्या अटी अक्षरशः पाळतो. ब्रूटस सन्माननीय आहे, ते सगळेच सन्माननीय आहेत, हे पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आधी एकेक गोष्ट ठेवतो. युद्धातले कैदी आणले, त्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली. गरीब रडले तर सीझर रडला. लुपरकॅलच्या सणात मी तीनदा मुकुट पुढे केला, त्याने तीनदा नाकारला. मग हे महत्त्वाकांक्षी होणं झालं का, एवढं विचारून सोडून देतो. उत्तर देत नाही. उत्तर लोकांनी काढायचं. आणि माणसाने स्वतः काढलेलं उत्तर त्याच्या डोक्यातनं काढणं फार अवघड, कारण ते त्याला दुसऱ्याने सांगितलेलं वाटतच नाही.

मग तो थांबतो. म्हणतो माझं काळीज तिथे शवपेटीत सीझरजवळ गेलंय, परत येईपर्यंत मला थांबू द्या. इथे डाव्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, हा रडतोय आणि ऐकतोय पण. आधीच्या प्रवेशात सीझरचा वारस ऑक्टेव्हियस याच्या नोकराला त्याने सांगितलेलंच असतं की मी भाषण करून बघतो लोक हा खून कसा घेतात ते. म्हणजे ही चाचणी आहे. तो थांबलेला असताना पहिला म्हणतो याच्या बोलण्यात तथ्य आहे, दुसरा म्हणतो विचार केला तर सीझरवर अन्याय झालाच, कोणी त्याच्या लाल डोळ्यांकडे बघतो. आणि तिसरा, तोच ब्रूटसला सीझर करा म्हणणारा, तो म्हणतो मला भीती वाटते याच्या जागी याहून वाईट कोणीतरी येईल. केवढं शहाणपणाचं बोलला, आणि दोन मिनिटांत विसरला.

आपल्या भागात हे जास्त नीट समजतं असं मला मनापासून वाटतं. इथली पोरं भाषणं ऐकतच मोठी होतात. १ नोव्हेंबरला एकाच शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी लोकांची निषेधाची, काळ्या दिनाची फेरी, दोन्हीकडे माइक, दोन्हीकडे गर्दी, आणि घरी आल्यावर दोन्हीबद्दल बोलणं. एप्रिल १९१६ मधे होमरूल लीग स्थापन झाली ती बेळगावात, आणि त्या वर्षी टिळकांवर जी राजद्रोहाची केस झाली ती तीन भाषणांवरनं, एक बेळगावचं आणि दोन अहमदनगरची. मॅजिस्ट्रेटने वर्षभर चांगल्या वागणुकीचा वीस हजारांचा जातमुचलका मागितला, हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि तो हुकूम रद्द झाला. तेव्हाही वाद हाच होता की भाषणातलं सुटं वाक्य बघायचं की सगळं भाषण ऐकून लोकांवर काय परिणाम होतो ते बघायचं. अँटनीच्या भाषणातनं सुटं वाक्य काढलं तर त्याच्यावर कुठलीच केस उभी राहणार नाही. सगळं ऐकलं तर शहर पेटतं. मुलांना मी ही दोन्ही एकत्र शिकवते, पुस्तकात अर्थातच टिळकांचं काही नाही, ते आपणच जोडायचं.

एक गोष्ट या आवृत्तीमुळे सापडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओळींचे नंबर असल्यामुळे मागे पुढे बघणं सोपं जातं म्हणून सापडली. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात कामगार लोक सुट्टी काढून सीझरचा विजय साजरा करायला आलेत, त्यात एक चपला शिवणारा आहे, फार हजरजबाबी, आणि दोन अधिकारी, फ्लेव्हियस आणि मरुलस, त्यांच्यावर ओरडतात. काल सीझरचा प्रतिस्पर्धी पॉम्पी, त्याच्यासाठी छपरांवर चढत होता, आज त्यालाच हरवणाऱ्यासाठी फुलं टाकता? मरुलस त्यांना लाकडाचे ओंडके म्हणतो, दगड म्हणतो, दगडाहून वाईट म्हणतो. लोक गप्प निघून जातात. आणि तिसऱ्या अंकात अँटनी त्याच लोकांना काय म्हणतो? तुम्ही लाकूड नाही, दगड नाही, माणसं आहात, म्हणून सीझरचं मृत्युपत्र ऐकलंत तर पेटून उठाल. बघा म्हणजे. एकाने दगड म्हणून हाकललं, दुसऱ्याने माणूस म्हणून जवळ घेतलं, आणि वापरलं कोणी? ज्याने माणूस म्हटलं त्याने. लोकांना अडाणी समजून बोलणारा वक्ता हरतो हे आपण बघतोच, पण लोकांना मान देणारा प्रत्येक जण त्यांच्या बाजूचा असतो असंही नाही. ही गोष्ट तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी कळून घ्यावी असं मला फार वाटतं, कारण चार वर्षांनी ती मतदान करणार आहेत.

मृत्युपत्राचा भाग तर काय बोलायचा. आहे म्हणतो, वाचणार नाही म्हणतो. लोक ओरडतात वाच, हा म्हणतो नको, वाचलं तर त्या सन्माननीय लोकांचं नुकसान होईल. मग व्यासपीठावरनं खाली उतरतो, तेही विचारून, उतरू का, परवानगी आहे का? प्रेताभोवती गोल करायला लावतो. सीझरचा झगा उचलतो, म्हणतो मला आठवतंय हा त्याने पहिल्यांदा घातला ती उन्हाळ्यातली संध्याकाळ, तंबूत, नर्वी लोकांना हरवलं त्या दिवशी. खऱ्या इतिहासात ती लढाई इसवी सन पूर्व ५७ ची आणि तेव्हा अँटनी सीझरच्या सैन्यात नव्हताच. मग भोकं दाखवतो, इथनं कॅशियसचा खंजीर गेला, इथे कास्काने फाडलं, इथे ब्रूटसने. अरे पण खून झाला तेव्हा तुला कटातल्याच ट्रेबोनियसने बाहेर नेलं होतं ना, तुला काय माहीत कुठलं भोक कुणाचं! गर्दीत एकही जण हे विचारत नाही. आमच्या वर्गात एकाने विचारलं, आणि त्या दिवशी मला पुस्तकाचे पैसे वसूल झाले असं वाटलं.

आणि लोक जाळायला निघतात तेव्हा हाच त्यांना थांबवून सांगतो, मृत्युपत्र विसरलात की. प्रत्येक रोमन माणसाला पंच्याहत्तर द्राखमा आणि टायबरकाठच्या बागा सगळ्यांना फिरायला. लोक गेल्यावर एकटाच म्हणतो, आता चालू दे, जिकडे जायचं तिकडे जाऊ दे.

इथे पुस्तक बंद करू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. पुढचा प्रवेश अगदी छोटा आहे. सिना नावाचा कवी रस्त्यात सापडतो, कटातल्या एका माणसाचंही नाव सिना. हा सांगतो मी कवी सिना, तो सिना मी नाही. लोक म्हणतात चालेल, नाव तर सिना आहे, याच्या वाईट कवितांसाठी फाडा याला. १९३७ मधे न्यूयॉर्कला ऑर्सन वेल्सने हे नाटक त्या काळच्या फॅसिस्टांसारखे कपडे घालून केलं तेव्हा लोकांच्या लक्षात राहिलेला प्रवेश हाच. सीमेवर राहणाऱ्या माणसाला गाडीची नंबर प्लेट आणि दुकानाची पाटी बघून लोक कसे ठरवतात ते वेगळं समजवायला नको. आणि त्याच्याही पुढे चौथ्या अंकाच्या सुरुवातीला अँटनी, ऑक्टेव्हियस आणि त्यांचा साथीदार लेपिडस बसून कुणाला मारायचं त्याची यादी करतात, आणि अँटनी लेपिडसला पाठवतो, जा ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातले वाटप जरा कमी कसे करता येतील ते बघू. तेच मृत्युपत्र! ज्याच्यासाठी लोक रडले.

पुस्तकाच्या उणिवा पण सांगते. टिपा शब्दांचा अर्थ चांगला सांगतात पण स्टेजवर गर्दीचं काय चाललंय, कोण कुठे उभा, आवाज कधी वाढला, याबद्दल फार कमी. शिकवणाऱ्याला ते स्वतः उभं करावं लागतं. अक्षर बारीक, संध्याकाळच्या लाइटमधे वयस्कर लोकांना त्रास होईल. बांधणी गोंदाची आहे, पान पूर्ण उघडून झेरॉक्स काढायला गेलात तर पाठ सुटायला लागते, माझ्या कॉपीचं तसं झालंय. आणि टिपा साध्या इंग्लिशमधे असल्या तरी इंग्लिशच, मराठी मीडियमच्या आठवीतल्या मुलाच्या हातात नुसतं देऊन चालणार नाही, बसून सांगायला पाहिजे. ज्यांना फार खोलवर अभ्यास करायचाय, पाठभेद वगैरे, त्यांनी आर्डेन या शेक्सपिअर मालिकेतली डेव्हिड डॅनियलने संपादित केलेली आवृत्ती बघावी, ती जाड आहे, टिपा भरगच्च आहेत, पण मुलांसमोर घेऊन बसायला जड जाते. परीक्षेपुरतं सारांश पाहिजे असेल तर यातलं कुठलंच घेऊ नका, पैसे वाया जातील.

माझ्याकडनं पाचात साडेचार. अर्धा बांधणीसाठी कापला.

घेण्याआधी खात्री करायची असेल तर फोल्जरच्या साइटवर पूर्ण नाटक फुकट वाचायला मिळतं, उतरवून पण घेता येतं, फक्त ही समोरासमोरची पानं त्यात मिळत नाहीत. पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश, तिसऱ्याचे दुसरा आणि तिसरा आणि चौथ्याचा पहिला, एवढीच प्रिंट काढा, चार मुलांना चार नागरिकांच्या ओळी वाटा, ब्रूटस आणि अँटनी तुम्ही स्वतः वाचा, आणि प्रत्येक ठिकाणी लोक बोलायला लागले की मुलांना विचारा की आत्ता याने असं का म्हटलं. एवढ्यावर वर्ग बोलायला लागला तर पुस्तक मागवा.